आभाराच्या चार ओळी

आपल्याकडे आभारप्रदर्शनाला फारशी प्रतिष्ठा नाही. अध्यक्षांचे भाषण संपून कुणी आभार मानायला उठले, की मंडळी चपला शोधू लागतात. घरात तर 'आभार' हा शब्दच परका. आईने गरम पोळी वाढली म्हणून कुणी तिचे आभार मानत नाही. मानले तर ती काळजीने कपाळाला हात लावून पाहील! अशा घरातल्या मुलीला सांगितले, की मुलाखत देऊन आलीस, आता त्या बाईंना आभाराचे पत्र पाठव, तर ती विचारणारच : 'नोकरी कुठे दिलीय अजून? मग आभार कसले?' त्यावर वडिलांचे शिक्कामोर्तब : 'कुणापुढे लाचार व्हायचं नाही.'

प्रश्न रास्त आहे. बँकेच्या किंवा सरकारी भरतीत अशा पत्राला जागाच नाही. तिथे परीक्षा, गुण आणि यादी. वशिला लावल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशी सूचनाही जाहिरातीत असते. पण मुलगी जे. जे.मधून उपयोजित कला शिकून जाहिरातसंस्थेत गेली असेल, मुलगा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून संकलन शिकून काम शोधत असेल, तर मामला निराळा. तिथे गुणपत्रिकेआधी काम पाहतात. समोरची व्यक्ती पोर्टफोलिओची पाने उलटते, एखाद्या चित्रावर थांबते, 'हे इथे फसलंय' म्हणून दाखवते. नोकरी मिळो न मिळो, जाणत्या माणसाची ती वीस मिनिटे आपल्याला मिळालेली असतात. आभार मानायचे ते त्यांचे.

लाचारी आणि कृतज्ञता यांतला फरकही इथेच आहे. लाचार पत्र पुढे काय मिळेल यावर डोळा ठेवून लिहिलेले असते. कृतज्ञ पत्र मिळून गेलेल्या गोष्टीबद्दल असते. म्हणून 'आपण माझा विचार कराल अशी आशा आहे', 'मला संधीची नितांत गरज आहे' ही वाक्ये आभाराच्या पत्रातून काढून टाकावीत. उरेल ते साधारण असे :

'सप्रेम नमस्कार. काल आपण माझे काम सवडीने पाहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मासिकाच्या शीर्षकातली जोडाक्षरे गर्दी करतात, हे आपण दाखवलेत. घरी येऊन ती पुन्हा काढली. शिरोरेषेखाली थोडी जागा सोडल्यावर शब्द मोकळा झाला. हे यापुढे लक्षात राहील.'

बस्स. स्तुती नाही, याचना नाही. पण वाचणाऱ्याला कळते, की या मुलीने ऐकले, आणि ऐकून काम केले. सर्जनशील धंद्यात टीका ऐकता येणे ही अर्धी पात्रता. रंगसंगती शिकवता येते. 'माझं चित्र बरोबरच आहे' म्हणून रुसणाऱ्याला शिकवणे कठीण.

समोरच्याचा विचार करून लिहिणे ही तशी जुनी विद्या. १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागणाऱ्या पत्राचा एक मसुदा लिओनार्दो दा विंचीच्या नावावर आहे. त्यात हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रे यांची जंत्री आहे. चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटी. स्फोर्झाला काय हवे, हे ओळखून ते लिहिलेले आहे. तो अर्ज होता, आभार नव्हेत. पण धडा दोन्हीकडे लागू पडतो.

बाकी पथ्ये साधी. पत्र एक-दोन दिवसांत जावे. ई-मेल चालेल, हाताने लिहिलेले कार्ड आपले अक्षर घेऊन जाते, मात्र निर्णय लवकर होणार असेल तर टपालाची वाट पाहू नये. मुलाखतीला तिघे असतील तर तिघांना तेच पत्र पाठवू नये. ते एकमेकांना दाखवतात. नावाची जोडणी तपासावी. जाहिरातीचा मजकूर लिहू इच्छिणाऱ्याच्या चार ओळींत शुद्धलेखनाच्या दोन चुका असल्या, तर पाचवी ओळ कोण वाचणार? आणि कल्पकता दाखवायची म्हणून घडीतून उलगडणारे, चमकी सांडणारे कार्ड नको. कल्पकता पोर्टफोलिओत दिसलेली असते.

खरी कसोटी नकार आल्यावर. त्या दिवशी पोरगी जेवत नाही, आणि घरात कुणी विषय काढत नाही. तरी दोन दिवसांनी तिने आणखी दोन ओळी लिहाव्यात : 'निर्णय कळवलात, आभारी आहे. पुढे नवे काम दाखवायला आवडेल.' या धंद्यात माणसे एका संस्थेतून दुसरीत जात असतात, कामे तोंडी शिफारशींवर मिळत असतात. त्या ओळींतून काही निघेलच असे नाही. पण नकारानंतरही मान ताठ ठेवून, गोड बोलून निघता आले, हे समाधान नोकरीच्या पत्राची वाट पाहत नाही.

ज्या ओळखीच्या काकांनी शब्द टाकला होता, त्यांनाही निकाल कळवावा. हेच सर्वांत जास्त विसरले जातात.

आणि टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांनो, तुमच्याकडेही काही बाकी आहे. नकार असला तरी कळवा. होकाराची वाट पाहणारे एक घर रोज संध्याकाळी फोनकडे बघत असते.