दारू सुटली, पुडी राहिली

सहा वर्षं झाली, दारूचा थेंब घेतलेला नाही. आमच्या सोनई गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून टपरीवर कुणीतरी प्रेमानंच म्हणायचं, "भाऊ, एवढं मोठं सोडलंस, माव्याचं काय घेऊन बसलास?" मलाही ते पटायचं. मुळा कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर रांगेत लावला की रात्र जागून काढावी लागते. पूर्वी सोबतीला बाटली असायची, आता सुपारी-तंबाखूचा मावा आला. दिवसाला दोन पुड्या, मग पाच, हंगामात आठ. घरी किती विचारलं की "एकच" असं सांगायचो. दारूच्या वेळीही तेच सांगत होतो.

गेल्या वर्षी तोंड उघडेना. भाकरीचा घास मोडून बारीक करावा लागे. डॉक्टरांनी गालाच्या आतले पांढरे पट्टे दाखवले. सुपारीनं आतलं अस्तर आखडतं आणि पुढं त्यातून कॅन्सर होऊ शकतो, असं त्यांनी समजावलं.

मग मी वाचायला लागलो. अमेरिकेत व्यसनाचे उपचार घेतलेल्या 845 जणांवर लक्ष ठेवलं होतं, त्याचा निष्कर्ष 1996 साली आला. त्यांच्यातले जे वारले, त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूच्या आजारांनी गेले. दारूमुळं गेलेले साधारण एक तृतीयांश होते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचे एक संस्थापक बिल विल्सन छत्तीस वर्षं दारूपासून लांब राहिले. 1971 मध्ये सिगारेटनं निकामी झालेल्या फुप्फुसांनी त्यांचा जीव घेतला. ते वाचलं त्या रात्री झोप आली नाही.

आमच्या दारूमुक्तीच्या मीटिंगमधल्या एका पोरानं दारू सोडून गांजा धरला होता. महादेवाचा प्रसाद म्हणायचा. तिसऱ्या महिन्यात स्लिप झाला, म्हणजे पुन्हा प्यायला. नशेत असताना ग्लास पुढं आला आणि नको म्हणायची शुद्धच उरली नव्हती.

धोका औषधाच्या बाटलीतूनही येतो. अशक्तपणासाठी मावशीनं मला द्राक्षासव दिलं होतं. आसव-अरिष्टांत मुरताना अल्कोहोल तयार होतंच. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामची गोळी चालू असेल तर तेवढ्यानंही उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ती अफूच्या जातीची नशा. म्हणून डॉक्टरांपुढं बसलो की मी आधी माझं व्यसन सांगतो. त्यांनी दिलेली गोळी मात्र मनानं बंद करत नाही.

"सगळं एकदम सोडू नकोस, दारू परत येईल," असं मला जुन्या मंडळींनी सांगितलं होतं. ते खरं नाही. 2004 मध्ये 19 अभ्यास एकत्र पाहिले गेले. व्यसनाच्या उपचारांतच तंबाखू सोडायला मदत मिळालेल्यांची दारू-ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता 25 टक्क्यांनी जास्त दिसली. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीनं दारूबंदीवर न थांबता विडी-तंबाखूचीही होळी केली होती.

माव्याला हात लावला नाही, त्याला आज 71 दिवस झाले. दारू सोडलेल्या माझ्या भावांनो, खिशात पुडी असेल तर आजच 1800-11-2356 वर फोन करा. तंबाखू सोडायला मदत करणारी ही सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत.