डिस्क एक, वाटा दोन : मल्टिपाथ म्हणजे काय?



कोलशेतच्या आमच्या वर्गात 'माझ्या घरातल्यांचं काम' हा उपक्रम घेतला. एक मुलगी म्हणाली, "बाबा रात्री ऐरोलीला डिस्कच्या वाटा बघायला जातात." मुलं हसली, तिचा चेहरा पडला. मलाही नीट सांगता येईना. मग तिच्या बाबांकडूनच समजून घेतलं.

मोठ्या सर्व्हरची माहिती बहुतेक वेळा त्याच्या पोटात नसते. ती स्टोरेजच्या वेगळ्या कपाटात असते. मध्ये केबल. एकच केबल असेल आणि तीच तुटली, तर सर्व्हर चालू असूनही माहिती हाताशी येत नाही. रुग्णालयाच्या नोंदी, बँकेचे व्यवहार अडकतात. म्हणून वाटा दोन किंवा जास्त ठेवतात.

इथे एक गंमत होते. दोन वाटांनी दिसणारी एकच डिस्क लिनक्सला दोन वाटतात : एसडीबी आणि एसडीसी. हजेरीपटावर एकाच मुलाचं नाव दोनदा आल्यासारखं! पण प्रत्येक डिस्कला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. मल्टिपाथ तो जुळवून दोन्हींना मिळून एकच नाव देतो, उदा. एमपाथए. काम याच नावाने करायचं. थेट एसडीबी वापरली, तर ती वाट बंद पडल्यावर दुसरी मदतीला येत नाही.

हे सगळं माऊसने नाही, आज्ञा टाइप करून चालतं (अर्थात रोमन अक्षरांत) :

१. मल्टिपाथ -एलएल : कोणती डिस्क, किती वाटा, चालू की बंद, ते दिसतं.
२. मल्टिपाथडी फेल पाथ एसडीबी : केबल बदलण्याआधी ती वाट मुद्दाम बंद करणं.
३. मल्टिपाथडी रीइन्स्टेट पाथ एसडीबी : काम झाल्यावर पुन्हा सुरू करणं.

दुसरी आज्ञा देण्याआधी पहिली द्यायचीच. उरलेली वाट आधीच बंद असेल, तर आपण शेवटचा आधार काढून घेऊ.

आता आपल्या गावचं उदाहरण. कोलशेतहून ठाणे स्टेशनला जायला ढोकाळीवरून एक रस्ता, आझादनगरवरून घोडबंदर रोडने दुसरा. ढोकाळीला खोदकाम असेल तर दुसरा उपयोगी. पण कापूरबावडी तुंबली तर? दोन्ही रस्ते तिथेच येतात! तसंच दोन केबल एकाच स्विचमध्ये खोचल्या, तर यादीत वाटा दोन दिसतात, पण स्विच बंद पडला की दोन्ही एकदम जातात. म्हणून वाटा मोजून भागत नाही. त्या कुठे एकत्र येतात तेही बघावं लागतं.

वर्गात मुलांना घर ते शाळा असे दोन रस्ते काढायला सांगा आणि दोन्हींत सामाईक असलेल्या जागेवर लाल गोल करायला लावा.

आमच्या वर्गात फळ्यावर पहिला लाल गोल त्याच मुलीने केला. यावेळी कोणी हसलं नाही.