बिघाड प्रेक्षकाला दिसण्यापूर्वी

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे, मिरजेहून निघालेली 'जलदूत' नावाची पाण्याची रेल्वेगाडी, प्रत्येकी सुमारे पन्नास हजार लिटर पाण्याने भरलेल्या दहा वाघिणी ओढीत आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची मजल मारून लातूरच्या स्थानकात शिरली, तेव्हा त्या तहानलेल्या नगराच्या दैन्याचे आणि दिलाशाचे दृश्य वृत्तवाहिन्यांनी साऱ्या देशाला दाखविले. नांदेड तेथून दीडशे किलोमीटरांच्या आतच आहे. परंतु नांदेडच्या एखाद्या गृहस्थाने ते दृश्य आपल्या घरी पाहिले असेल, तर ते काही लातूर-नांदेड रस्त्याने त्याच्याकडे आलेले नव्हते. कॅमेऱ्यातून निघालेला संकेत, ओबी व्हॅनवरील तबकडीतून उपग्रहामार्गे, किंवा अलीकडे अधिक रूढ झालेल्या रीतीप्रमाणे पाठीवरच्या पिशवीत मावणाऱ्या आणि अनेक सिमकार्डांवर चित्राचे तुकडे वाटून धाडणाऱ्या यंत्रातून, वाहिनीच्या मुख्यालयात जातो. तेथे निवेदकाच्या चित्राशी आणि खालच्या पट्टीवरील मजकुराशी त्याचा संयोग होतो. आणि मग विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेल्या उपग्रहाकडे चढून व तेथून खाली उतरून, एकंदर बहात्तर हजार किलोमीटरांचा हा फेरा सुमारे पाव सेकंदात पुरा करीत, तो नांदेडच्या केबलचालकाच्या तबकडीवर येऊन ठेपतो.

या प्रवासातील उपग्रहाचे कौतुक सर्वांस ठाऊक आहे, तबकडी तर गच्चीगच्चीवर दिसते. पण मुख्यालयातील ज्या एका पेटीतून हा सगळा व्यवहार जातो, आणि जी बंद पडली असता उपग्रह व तबकड्या शाबूत असूनही पडदा काळा होतो, तिचे नाव वाहिनीच्या तांत्रिक विभागाबाहेर क्वचितच कोणाच्या कानी पडलेले असते. ती पेटी म्हणजे व्हिडिओ राउटर. घरोघरी इंटरनेटसाठी असते त्या उपकरणाशी तिचे केवळ नामसादृश्य आहे. तिच्या एका अंगास कॅमेरे, उपग्रहग्राहक, ध्वनिचित्रसंग्रहाचे सर्व्हर, जिल्ह्याजिल्ह्यांतून येणारे थेट दुवे अशा इनपुटांच्या तारा जोडलेल्या असतात, आणि दुसऱ्या अंगाने स्टुडिओ, संकलनकक्ष, देखरेखीचे पडदे व प्रक्षेपण यांच्याकडे आउटपुटांच्या तारा निघतात. आणि कोणत्याही आउटपुटाला कोणतेही इनपुट, तार हाताने न उपटता, केवळ बटन दाबून जोडून देणे एवढेच तिचे काम. हे काम दिसते त्याहून मोठे आहे. १२८ इनपुट आणि १२८ आउटपुट असलेल्या बेताच्या आकाराच्या राउटरमध्ये १६,३८४ छेदबिंदू, म्हणजे अभियंत्यांच्या बोलीतले क्रॉसपॉइंट, संभवतात. वाटा दुप्पट केल्या की बिंदू चौपट होतात. (टेलिफोन एक्स्चेंजांनाही याच गणिताने ग्रासले होते, आणि चार्ल्स क्लॉस या बेल प्रयोगशाळेतील संशोधकाने १९५३ मध्ये टप्प्याटप्प्यांची रचना सुचवून त्यावर उतारा काढला, मोठाल्या राउटरांना तो आजही उपयोगी पडतो.) शिवाय या प्रत्येक वाटेवरून वाहणारे हाय डेफिनिशन चित्र आकुंचित केलेले नसते, दर सेकंदाला १.४८५ अब्ज बिट या वेगाने ते धावत असते. लातूरहून पाठीवरच्या यंत्राने धाडलेले चित्र जेमतेम काही दशलक्ष बिटांत दाबून बसविलेले असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ओघाची कल्पना यावी.

एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर उडी घेण्याचा मुहूर्तही ठरलेला असतो. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस पूर्ण चित्रे प्रक्षेपित होतात, आणि एका चित्राची रेषावली संपून पुढील चित्राची सुरू होण्याच्या मधल्या रिकाम्या अवकाशात, जुन्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सहाव्या रेषेवर व १०८० रेषांच्या नव्या पद्धतीत सातव्या रेषेवर, ही अदलाबदल व्हावी असा दंडक आहे. तो पाळला गेला तर प्रेक्षकाला काहीच जाणवत नाही, चुकला तर चित्र क्षणभर दचकते. हा मुहूर्त साधावा म्हणून सर्व यंत्रांना एकच संदर्भसंकेत पुरविलेला असतो, आणि तो संकेतच नाहीसा झाला तर जे होते त्याचा उल्लेख पुढे येईलच.

आता ही पेटी उघडून पाहिली तर तिच्यात एकजिनसी यंत्र नसून, फडताळातील कप्प्यांत उभी सरकविलेली अनेक कार्डे आढळतात: इनपुटांची कार्डे, छेदबिंदूंची कार्डे, आउटपुटांची कार्डे, हुकमांची अंमलबजावणी करणारे कंट्रोलर कार्ड, वीजपुरवठ्याचे संच आणि पंखे. बहुतेक कार्डे राउटर चालू असतानाच बाहेर ओढून बदलता येतात, आणि ज्यांच्यावाचून सारेच अडावे असे घटक, म्हणजे कंट्रोलर व वीजपुरवठा, जोडीने बसविलेले असतात, जेणेकरून एक निकामी झाला तर दुसऱ्याने भार उचलावा.

सर्वसामान्य समजुतीने ही जोडी हाच बिघाडावरील इलाज होय. माझ्या मते तो अर्धाच इलाज आहे, आणि अर्धवट सोडला तर घातकही आहे. कारण जोडीतला पहिला वीजपुरवठा निकामी होतो तेव्हा पडद्यावर काहीही घडत नाही, चित्र हलत नाही, बातमीपत्र थांबत नाही, आणि यंत्राच्या मागच्या अंगास विझलेला एक हिरवा दिवा पाहण्यास रात्री अडीच वाजता तेथे कोणी उभे नसते. त्या घटकेपासून जोडी ही केवळ कागदावरची जोडी उरते; आठवड्याने वा वर्षाने दुसरा संच गेला म्हणजे सारे एकदम कोसळते, आणि मग चौकशीत असे निष्पन्न होते की अपघात त्या दिवशी झालाच नव्हता, तो फार पूर्वीच होऊन गेला होता. राखीव घटक जितका तत्पर, तितका पहिला बिघाड अधिक बेमालूम झाकला जातो. म्हणून राउटरवरील देखरेखीचे खरे प्रयोजन पडदा काळा झाल्याचे कळविणे हे नव्हेच, ते काम संतप्त प्रेक्षक टेलिफोनवरून विनामूल्य करीत असतात. ज्या बिघाडाने अद्याप कोणाचेच काही वाकडे झालेले नाही त्याची वार्ता वेळेवर पोहोचविणे, हे ते प्रयोजन.

ही वार्ता कशी पोहोचते हे समजण्यास मराठवाड्याच्या वाचकाने हैदराबाद संस्थानातील महसुली कारभार आठवावा. शेतात काय पिकले हे तहसीलदार स्वतः बांधावर जाऊन पाहत नसे. गावचा पटवारी पाहणी पत्रकाच्या ठराविक रकान्यांत सर्व्हे नंबरवार नोंद ठेवी, आणि तहसील कचेरीला हवी ती बाब नंबर सांगून विचारता येई. राउटरमधील प्रत्येक कार्डावर एक लहानसा सूक्ष्मप्रक्रियक असतो. कार्डाचे तापमान, त्यास मिळणारा विद्युद्दाब, इनपुटावर संकेत आहे की नाही, असल्यास कोणत्या प्रकारचा, हे सारे तो आतल्या आत कंट्रोलरला कळवितो, आणि कंट्रोलरमधील एजंट नावाचा संगणक-कार्यक्रम पटवाऱ्याप्रमाणे त्याची फेरिस्त राखतो. फेरिस्तीतील प्रत्येक बाबीला वृक्षाकार रचनेतला एक आकडी पत्ता असतो. यंत्रनिर्मात्यांच्या बाबी १.३.६.१.४.१ या शाखेखाली येतात, तिच्यापुढे प्रत्येक निर्मात्याचा नेमून दिलेला क्रमांक, आणि त्याच्यापुढे त्याचे यंत्र, कप्पा, कार्ड असा तपशील. या पत्त्यांचा कोश निर्माता यंत्राबरोबर देतो, त्यास एमआयबी म्हणतात. तो हाती नसेल तर आलेला आकडा अंशांचा आहे की पंख्याच्या फेऱ्यांचा हे समजण्यास मार्ग नाही. मास्टर कंट्रोल रूममधील, म्हणजे प्रक्षेपणावर नजर ठेवणाऱ्या कक्षातील, संगणक दर अर्ध्या मिनिटाला वा मिनिटाला नेटवर्कवरून प्रत्येक बाब विचारीत राहतो, आणि तातडीचे काही घडले तर एजंट विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन वर्दी धाडतो. या वर्दीला ट्रॅप असे नाव आहे. विचारणा १६१ क्रमांकाच्या पोर्टवर जाते, वर्दी १६२ वर येते.

या संभाषणाचे नियम एसएनएमपी या नावाने ऑगस्ट १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. केस, फेडोर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन या चौघांनी ते सिद्ध केले तेव्हा, अधिक भारदस्त अशी दुसरी आंतरराष्ट्रीय पद्धत तयार होईपर्यंतची तात्पुरती सोय, अशीच त्यांची गणना होती. ती भारदस्त पद्धत मागे पडली आणि तात्पुरती सोय कायम झाली, यात सरकारी कचेऱ्यांशी परिचय असलेल्या कोणासही नवल वाटू नये. मात्र तात्पुरतेपणाच्या खुणा तिच्या अंगावर राहिल्या. मूळच्या ट्रॅपला पोचपावती नाही; नेटवर्कमध्ये ती वर्दी वाटेत गहाळ झाली तर धाडणाऱ्यास पत्ता नाही आणि घेणाऱ्यासही नाही. आणि ज्या राउटरची वीजच समूळ गेली तो वर्दी तरी कशी देणार? म्हणून केवळ वर्दीवर विसंबणारी देखरेख मी देखरेख मानीत नाही. नियमित विचारणा आणि उत्तर न आल्यास त्या मौनालाच संकट समजण्याची सक्त ताकीद, ही तिच्या जोडीस हवीच. दुसरी खूण अधिक लाजिरवाणी आहे. जुन्या आवृत्त्यांत परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जातो, आणि कारखान्यातून यंत्र निघताना तो 'पब्लिक' असा असतो. पुढे तो न बदलणाऱ्यांची संख्या थोडी नसावी. तिसऱ्या आवृत्तीत ओळख पटविण्याची व मजकूर गुप्त ठेवण्याची व्यवस्था आली आहे, ती वापरणे आणि राउटरचे नेटवर्क कचेरीच्या सर्वसाधारण नेटवर्कपासून विभक्त ठेवणे यास पर्याय नाही, कारण याच मार्गाने प्रश्नच नव्हे तर हुकूमही धाडता येतात.

एवढे सारे उभारूनही अक्कल माणसालाच वापरावी लागते. समजा, कार्डाच्या तापमानाची मर्यादा साठ अंश ठेवली आणि मराठवाड्याच्या वैशाखात वातानुकूलन मंदावल्यामुळे पारा एकोणसाठ व एकसष्ट यांमध्ये झुलू लागला, तर रात्रभर शेकडो वर्द्या येतील आणि सकाळपर्यंत त्यांकडे पाहण्याची कोणाचीही इच्छा उरणार नाही. म्हणून धोका साठ अंशांवर जाहीर करावा, पण मागे मात्र पंचावन्नच्या खाली आल्यावरच घ्यावा लागतो. संदर्भसंकेताची एक तार निखळली तर यंत्रेच्या यंत्रे एकाच वेळी ओरडू लागतात, आणि त्या कोलाहलात मूळ कारण सांगणारी एक ओळ शोधून काढण्याचे कसब चांगल्या देखरेख-प्रणालीत अगोदरच भरून ठेवावे लागते. लातूरच्या दुव्यावर पहाटे दोन वाजता संकेत नसणे हा दोष नव्हे. सातच्या बातमीपत्राला नसणे हा आहे. हा भेद कार्डाला कळत नाही, कार्यक्रमपत्रिकेला कळतो.

ज्याचा संशय घ्यायला हवा अशी आणखी एक बाब म्हणजे निर्दोष दिसणारा अहवाल. डिजिटल संकेताची रीत अशी की, तार लांब झाली वा तिचे जोड गंजले तरी चित्र अखेरपर्यंत स्वच्छ दिसते आणि मग थोड्याशा अंतराने एकदम नाहीसे होते. पूर्वीच्या ॲनालॉग चित्रात मुंग्या दिसू लागत, त्याने निदान पूर्वसूचना तरी मिळे. ही हरवलेली पूर्वसूचना हाय डेफिनिशन संकेतात प्रत्येक रेषेबरोबर जाणारा पडताळ्याचा आकडा परत मिळवून देतो. तो जुळला नाही असे प्रसंग कार्ड मोजून ठेवू शकते, आणि हा मोजणीचा आकडा चढू लागला की चित्र निर्मळ असतानाच तार बदलता येते. परंतु लातूरच्या वार्ताहराच्या यंत्राला मोबाइलचे नेटवर्क मिळेनासे झाले, आणि मुंबईच्या मुख्यालयातील ग्राहकयंत्राने त्याचे शेवटचे चित्र तसेच गोठवून पुढे लावून धरले, तर तो वार्ताहर उघड्या तोंडाने निश्चल उभा असला तरी संकेत यथास्थित, पडताळा अचूक, तापमान माफक, अशीच ग्वाही राउटर देईल. कारण राउटर संकेत पाहतो, चित्र पाहत नाही. त्यासाठी गोठलेले चित्र व हरपलेला आवाज ओळखणारी निराळी उपकरणे आउटपुटांवर बसवावी लागतात, आणि त्यांच्याही वर मास्टर कंट्रोल रूममधील डोळे.

हा प्रपंच केवळ मुंबईचा नाही. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणानंतर नांदेड-लातूरसारख्या नगरांतील केबलचालकांच्या हेडएंडमध्येही ग्राहकयंत्रे, एन्कोडर आणि मल्टिप्लेक्सर यांच्या रांगा आल्या, आणि त्यांतील बहुतेक यंत्रे हीच एसएनएमपीची भाषा बोलतात. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथील कीर्तन देशोदेशींचे भाविक थेट प्रक्षेपणात ऐकतात. तेथे खंड पडलेला क्षण पुन्हा चित्रित करून देता येत नाही. तारांचे राउटरही आता हळूहळू इंटरनेटच्या तंत्रावर चालणाऱ्या स्विचांना जागा देत आहेत. एसएमपीटीई या संस्थेच्या २११० क्रमांकाच्या मानकाने २०१७ पासून तो रस्ता खुला झाला आहे. त्यात छेदबिंदू अदृश्य होतात, दोष कोठे आहे हे शोधणे अधिक दुर्घट होते, आणि देखरेखीवाचून एक दिवसही निभत नाही.

ही देखरेख शिकण्यास कोट्यवधींचा राउटर लागत नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगितले पाहिजे. नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरु गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वा लातूरच्या पूरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्याने प्रयोगशाळेच्या प्रमुखांची परवानगी घेऊन 'नेट-एसएनएमपी' हा विनामूल्य कार्यक्रम एखाद्या साध्या संगणकावर बसवावा, व्यवस्थापनाची सोय असलेल्या कोणत्याही नेटवर्क स्विचला त्याचे नाव, त्याचा चालू कालावधी आणि प्रत्येक पोर्टवरील चुकांची संख्या विचारून पाहावी, आणि मग एक तार काढून वर्दी येते की नाही हे तपासावे. आणि त्या स्विचचा परवलीचा शब्द अजून 'पब्लिक' असेल, तर तो त्याच दिवशी प्रमुखांकडून बदलून घ्यावा.