खर्ड्याच्या रणभूमीवरील लोखंडी अवशेष व त्यांची ओळख

जुन्या कागदांची पारख करितांना आपण शाई, अक्षराचें वळण, मायना, शिक्का, आणि मुख्यतः कागद कोणाच्या दप्तरांतून निघाला, हें सर्व पाहतों. परंतु नांगराच्या फाळास लागून वर आलेला लोखंडाचा तुकडा हातीं पडला कीं ही चिकित्सा बहुधा सुटते. रणभूमीच्या दोन कोसांत जें जें लोखंड निघेल तें तें लढाईचें, असा समज लोकांत आहे व तो संग्राहकांतहि पुष्कळ आढळतो. उलट पक्षीं फाजील संशयानेंहि हानि होते. तिचें एक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या हातचें आहे, तें पुढें यथास्थळीं येईल.

खर्डा हें गांव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांत आहे. ता. ११ मार्च १७९५ रोजीं त्याच्या परिसरांत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या हाताखालील मराठी फौजांची निजामअल्लीशीं लढाई झाली व निजामानें खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय केला. उभयपक्षीं कवायती पलटणी होत्या. निजामाकडे रेमंडच्या, शिंद्यांकडे पेराँच्या. पेराँच्या तोफा व रघूजी भोसल्यांचे बाण यांच्या माऱ्याचा उल्लेख ग्रँट डफनें आपल्या १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इतिहासांत केलेला आहे. तेव्हां या मुलुखांत तोफगोळा किंवा बाणाची नळी सांपडणें असंभवनीय नाहीं. पण याच शेतांतून त्यापूर्वीं व त्यानंतर कुळव चालले, गाड्या मोडल्या, बैलांच्या पायांच्या पत्र्या गळून पडल्या, हेंहि तितकेंच खरें.

प्रथम धातूची जात पाहावी. आपल्या रसग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन भेद सांगितले आहेत. ते आजच्या रसायनशास्त्राशीं तंतोतंत जुळविण्याचा आग्रह धरूं नये. पण सर्व लोखंड एकजिनसी नव्हे, एवढा बोध येथें उपयोगी पडतो. घणाखालीं घडविलेल्या लोखंडांत मळीचे बारीक धागे राहतात. म्हणून तें गंजूं लागलें कीं जुन्या लांकडाप्रमाणें त्याचे पदर सुटतात. ओतीव लोखंडाचें तसें होत नाहीं. त्यांतील लोहाचा अंश गंजून जातो, शिसपेन्सिलींत असतो तसा काळा पदार्थ मागें राहतो, आणि आकार कायम असूनहि वस्तु हलकी व मऊ होते. जड, भोंकें पडलेला, फुटल्या जागीं कांचेसारखा चकाकणारा गोटा सांपडला तर तो फुटका गोळा नसून जुन्या भट्टीची मळी, म्हणजे वैद्यांचा मंडूर, असण्याचाच संभव अधिक.

आपल्याकडील जुन्या भट्ट्यांत लोखंड सहसा पाण्यासारखें वितळत नसे. त्यामुळें देशी गोळे पुष्कळदां घडीव असत. घडीव गोळ्यावर घणाचे चपटे ठसे दिसतात. ओतीव गोळ्यावर साच्याच्या दोन अर्धांचा सांधा कटिबंधासारखा फिरलेला असतो. वजनाची रीत सोपी आहे. व्यास इंचांत मोजून त्याचा घन करावा, ९ नें गुणावें व ६४ नें भागावें. ओतीव भरीव गोळ्याचें मूळ वजन पौंडांत येतें. चार इंच व्यासाचा गोळा ९ पौंडांचा, साडेतीन इंचांचा सुमारें ६ पौंडांचा. याहून फारच कमी भरला तर गोळा पोकळ, म्हणजे कागदांतील ‘कुलपी गोळा’ असूं शकेल. तो ठोकूं नये, तापवूं नये, त्याचें छिद्र उकरूं नये. आंत दारू शिल्लक असावयाची. पोलिसांस कळवावें.

या रीतीनेंच मी एकदां फसलों. मास्तरकीच्या दिवसांत एका शाळेच्या प्रदर्शनांत बारा पौंडी म्हणून एक गोळा मी मोठ्या अभिमानानें मांडला होता. एका विद्यार्थ्यानें तो गोळाफेकीचा असल्याचें सर्वांसमक्ष सांगितलें, आणि तें खरें होतें, कारण शाळेंतला तो गोळाहि तेव्हां बारा पौंडांचाच असे! दोनशें वर्षें जमिनींत राहिलेला गोळा तंतोतंत बारा पौंड भरावा, हीच संशयाची जागा होती.

या फजितीनंतर मी दुसऱ्या टोंकास गेलों. खर्ड्याकडील एका शेतकऱ्यानें सुमारें नऊ इंचांची एक लोखंडी नळी आणून दिली. तिचें एक तोंड मोडलेलें होतें. लोहाराच्या भात्याची नळी, असा मी तत्काळ निर्णय दिला. पेशवेकालीन कागदांत ‘बाण’ म्हणजे धनुष्याचा तीर नव्हे, दारू भरून उडवावयाचा अग्निबाण होय, हें विद्यार्थ्यांस कैक वेळां सांगितलेलें. पण ऐन वेळीं तें आठवलें नाहीं. अशा बाणाची लोखंडी नळी बांबूच्या काठीस चामड्याच्या वाद्यांनीं बांधीत. नळीवरील गंजाच्या पापुद्र्यावर आडवे वळसे दिसत होते. ते मातीचे समजून मी नळी चिंचेच्या पाण्यांत ठेविली व कानशीनें लख्ख केली.

पुढें २०१८ सालीं कर्नाटकांतील शिवमोग्गा जिल्ह्यांत नगर (बिदनूर) येथें एका विहिरींतून हैदर-टिपूच्या काळच्या हजारावर बाणनळ्या निघाल्याचें वृत्त आलें. त्यांची लांबी २३ ते २६ सेंटिमीटर, म्हणजे नऊ-दहा इंच. त्याच गांवीं पूर्वीं सांपडलेल्या कांहीं नळ्या तर बरींच वर्षें ओळखल्याविना पडून होत्या. चामडें, लांकूड, कापड हीं कुजून गेलीं तरी त्यांचा ठसा गंजांत उतरून राहतो. माझ्या नळीवरील वळसे वाद्यांचे होते कीं काय, हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं.

म्हणून वस्तु निघाली कीं धुऊं नये, घांसूं नये; शेताचा सर्व्हे नंबर, खोली व शेजारीं काय निघालें हें त्याच दिवशीं टिपावें, व मातीसकट सुक्या कागदांत ठेवावी. जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांवरील किमतीच्या ठेव्याची वर्दी कलेक्टरास देण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलेलें आहे, हेंहि संग्राहकांनीं विसरूं नये.

ती नळी माझ्याजवळ आहे. चिठ्ठीवर ‘उपयोग अनिर्णीत’ असें लिहिलें आहे. ज्यांच्या दप्तरांत बाणांच्या नळ्यांचीं मापें, वजनें अथवा लोहारांस दिलेल्या मजुरीच्या यादी असतील, त्यांनीं त्या प्रसिद्ध कराव्या, ही विनंति.