वळचणीचं देणं



आजचा विषय ऐकून एक-दोघांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचं पक्ष्यांच्या घरट्यांशी काय काम? प्रश्न रास्त आहे. 'इकॉलॉजी' हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ साली घडवला, तो ग्रीक 'ओइकोस'वरून. ओइकोस म्हणजे घर. आणि घर कोणाचं, त्यात कोणाकोणाचा वाटा, हा विचार तत्त्वज्ञानाचाच आहे. आपण तो आज हडपसरच्या गॅलरीत उभं राहून करू.

आधी एक भेद नीट समजून घेऊ. सगळे पक्षी पेटीत येत नाहीत. सुगरण विणते, शिंपी पानं शिवतो, बुलबुल झुडपात वाटीसारखं घरटं करतो. यांना लाकडी पेटीचं काडीचंही आकर्षण नाही. पेटी लागते ती पोकळीत घरटं करणाऱ्यांना. त्यांतही दोन जाती. तांबट आणि सुतार पक्षी वाळक्या, मऊ फांदीत स्वतः बीळ कोरतात. चिमणी, दयाळ, राखी वल्गुली, साळुंकी, पोपट, पिंगळा यांना कोरता येत नाही. ते मिळेल त्या पोकळीत बिऱ्हाड करतात. पहिले घर बांधणारे, दुसरे भाडेकरू म्हणा. आपली पेटी या भाडेकरूंसाठी.

आता हडपसरकडे बघू. कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला पिकवणारं हे गाव. घरं मातीची, विटांची, कौलारू. त्या घरांना वळचण होती, वासे होते, भिंतीत कोनाडे होते, आणि तसबिरीच्या मागे चिमणीचं घरटं असायचंच. विहिरीच्या भिंतीत कपारी, बांधावर जुनी बाभूळ. पोकळी मुद्दाम कोणी ठेवली नव्हती, ती घर बांधण्याच्या रीतीतच होती. मग मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आपल्याच जमिनीवर नगर वसवलं, आजूबाजूला सोसायट्या उठल्या. माणसांना घरं मिळाली, हे चांगलंच झालं. पण काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीत सव्वा इंचाचं भोक सापडत नाही. सापडतात त्या सपाट कडा आणि एसीच्या मागच्या जागा. कपारीतल्या कड्यांवर राहणाऱ्या पारव्याला त्या आवडतात. म्हणून पारवे वाढले आणि चिमणी मागे सरली. पारव्याला दोष देऊन उपयोग नाही. निवड आपण केली, त्यांनी फक्त ती वापरली.

इथे थोडी अडचणीची गोष्टही सांगितली पाहिजे. 'चिमणी नामशेष होतेय' असं सरसकट म्हणणं बरोबर नाही. २०२० च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालात देशभरातली चिमणी साधारण स्थिर दिसते. घट दिसते ती मोठ्या महानगरांत. म्हणजे संकट शहराच्या रचनेत आहे, आणि रचना बदलता येते. मोबाइल टॉवरवर सगळं खापर फोडणं सोपं असतं, कारण टॉवर आपण बांधलेला नसतो. पण तसा ठाम पुरावा नाही. भोकं मात्र आपणच बुजवली.

आता जरा दूर जाऊ. उत्तर अमेरिकेत पर्पल मार्टिन नावाचा पक्षी आहे, आपल्या भिंगऱ्यांच्या कुळातला, चकचकीत जांभळट-निळा. हिवाळा दक्षिण अमेरिकेत काढतो आणि वसंतात परततो. मूळचा हा सुतार पक्ष्यांच्या जुन्या बिळांत राहणारा. तिथल्या आदिवासींनी वाळवून पोकळ केलेले भोपळे खांबांवर टांगले आणि तो त्यांत राहू लागला. पुढे गोऱ्या वसाहतकऱ्यांनीही भोपळे आणि लाकडी पेट्या लावल्या. आज रॉकी पर्वताच्या पूर्वेकडचा मार्टिन जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांवर अवलंबून आहे. पिढ्यान्‌पिढ्या दार उघडं ठेवलं, की पाहुणा घरचा होतो, आणि मग दार लावून घेण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

यात एक गंमत आहे. तिथले मार्टिनप्रेमी ज्या पक्ष्याला पेटीतून हुसकतात, तो म्हणजे आपली चिमणी! १८५० च्या दशकात ती न्यूयॉर्ककडे नेऊन सोडली गेली आणि स्थानिक पक्ष्यांच्या पोकळ्या बळकावू लागली. इथे जिच्यासाठी पेटी लावायची, तिच्यासाठीच तिथे पेटी बंद करायची. पक्षी चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा. तो कुठल्या घरचा, एवढंच विचारावं.

आता हाताने करायची गोष्ट. चिमणीसाठी पेटीचा तळ साधारण चार-पाच इंच चौरस, उंची आठ-दहा इंच, आणि भोक सव्वा इंच, तळापासून पाच-सहा इंच वर. सव्वा इंचातून साळुंकी शिरत नाही, म्हणून हे माप पाळावं. दयाळासाठी पेटी थोडी मोठी आणि भोक सुमारे दोन इंच. त्यात साळुंकीही येऊ शकते, हे गृहीत धरावं. लाकूड बिनरंगाचं. प्लास्टिक किंवा पत्रा नको, आपल्या एप्रिलच्या उन्हात पिल्लं आत अक्षरशः भाजतात. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं, छपराखाली हवेला फट. दाराशी बसायला काडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र सोय होते. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेकडून दुपारचं ऊन येतं आणि नैऋत्येकडून पावसाची झड. आठ-दहा फूट उंच, घट्ट बसवलेली, मांजर पोचणार नाही अशी. खोलीत किंवा पंख्याजवळ तर कधीच नको. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून दोन-तीन पेट्या जवळ चालतात.

पेटी लावली आणि बागेत औषध फवारलं, तर आपण सजवलेला सापळा टांगला. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले दिवस अळ्या-किडेच लागतात. अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात आणि पुढच्या दोन-अडीच आठवड्यांत पिल्लं उडतात. तेवढा महिनाभर किडे हवेत. म्हणजे थोडं गवत, देशी झुडपं, मेंदीचं कुंपण, धुळीत अंघोळ करायला कोरडी माती. इतकं 'अस्वच्छ' राहायला सोसायटीची सभा तयार होते का, ही खरी परीक्षा!

समोरून एका भगिनींची चिठ्ठी आली आहे: "दोन वर्षं पेटी रिकामी आहे, काढून टाकू का?" काढू नका. आधी तोंड, माप आणि ऊन तपासा, जागा बदलून बघा. हिवाळा संपायच्या आत लावा, म्हणजे पक्ष्याला ओळख व्हायला वेळ मिळतो. आत घरटं असेल, तर मात्र पिल्लं उडाल्याची खात्री झाल्यावरच हातमोजे घालून पेटी साफ करा. रान-पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच येतं.

शेवटचा मुद्दा. आपल्या परंपरेत गृहस्थाने रोज भूतयज्ञ करावा, म्हणजे इतर जीवांचा वाटा काढावा, असं सांगितलं. त्याचबरोबर माणूस जन्मतःच ऋणी असतो, असंही सांगितलं. पेटीला आम्ही दान म्हणत नाही, ऋण म्हणतो. शब्दाचा हा फरक वागण्यात दिसतो. दान करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. त्याला पक्षी यायला हवा, फोटो हवा, वीस मार्चला, जागतिक चिमणी दिनी, कौतुक हवं. पक्षी आला नाही की तो रुसतो. ऋण फेडणारा रुसत नाही. त्याला ठाऊक असतं की वळचण आपणच काढून घेतली होती. चिमणी आली तर आनंद, राखी वल्गुली आली तर तोही आनंद, आणि कोणीच आलं नाही तर पुढल्या वर्षी पेटी पुसून पुन्हा लावायची.

तेव्हा पेटी लावण्याआधी स्वतःला एकच विचारा: पुढची पाच वर्षं हिची देखभाल करू का? उत्तर 'हो' असेल तरच खिळा ठोका. एवढं बोलून थांबतो.