शिरोडकरचा चेहरा कोणाचा?

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीतल्या सेक्टर ८१ला सगळे ‘नॉलेज सिटी’ म्हणतात. आयसर, नॅनो विज्ञानाची संस्था, कृषी-अन्न जैवतंत्रज्ञानाची संस्था, बिझनेस स्कूल, सगळं याच एका भागात. इथल्या एका प्रयोगशाळेत मी यंत्रं सांभाळते आणि पीएचडीला आलेल्या मराठी पोरांची आपसूकच ताई झाले आहे. डिसेंबरात धुकं उतरलं की रात्री कुठे जायची सोय राहत नाही. मग कोणाच्या तरी क्वार्टरमध्ये भिंतीवर प्रोजेक्टर लावायचा, पोहे करायचे आणि सिनेमा सुरू होण्याआधी तासभर भांडायचं. सिनेमा पुस्तकावरचा असेल तर भांडणाचा विषय ठरलेला: आधी वाचायचं की आधी बघायचं?

अकोल्याच्या एका पोराचं म्हणणं सरळ असतं, ‘ताई, आधी पिक्चर पाहून घेऊ न, पुस्तक कुठं पळून चाललं?’ पुण्याची एकजण लगेच उसळते. न वाचता सिनेमा बघणं म्हणजे तिच्या लेखी कॉपी करून पास होणं.

मला या दोघांचंही पटत नाही. माझा हिशेब वेगळा आहे. पुस्तकातलं जग आपलं असेल तर आधी वाचावं, परकं असेल तर आधी बघावं.

हा हिशेब मला सुचला तो पुरस्कारांच्या एका यादीवरून. २०११च्या चित्रपटांसाठीच्या ५९व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला ‘शाळा’. दिग्दर्शक सुजय डहाके, कादंबरी मिलिंद बोकिलांची. आधारित पटकथेचा पुरस्कारही त्याच सिनेमासाठी अविनाश देशपांडे निगडी यांना मिळाला. त्याच यादीत सर्वोत्कृष्ट पंजाबी चित्रपट होता ‘अन्हे घोडे दा दान’, गुरदयाल सिंगांच्या कादंबरीवरचा. दिग्दर्शनाचा पुरस्कारही त्याच्याच दिग्दर्शकाला, गुरविंदर सिंग यांना. हे गुरविंदर शिकले पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे त्या सिनेमाशी आपलं थोडं नातं निघतंच. एकाच वर्षी दोन भाषांतल्या दोन कादंबऱ्या पडद्यावर आल्या, आणि माझ्याकडून दोन्हींची सुरुवात उलट्या टोकांनी झाली.

‘शाळा’ २००४मध्ये आली तेव्हाच वाचली. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, वर्गातली शिरोडकर आणि मागे आणीबाणी. माझी शाळा कर्जतची आणि बरीच नंतरची, पण ती मधली सुट्टी, ती ‘लाइन’, सरांची नक्कल, हे सगळं घरचंच होतं. मुकुंद स्वतः बोलतो म्हणून ती कादंबरी चालते. थोरांच्या गप्पांत आणीबाणी येते ती त्याला अर्धीच कळते आणि तो अर्धीच सांगतो. उरलेली आपण जुळवून घ्यायची. शिरोडकरचा चेहरा मला कधी नीट दिसलाच नाही. तिची चाल होती फक्त, तीही आमच्या वर्गातल्या एका मुलीकडून उसनी घेतलेली.

सिनेमात केतकी माटेगावकर आली आणि शिरोडकरला चेहरा मिळाला. मुलगी गोड, काम सुंदर, तक्रार काहीच नाही. पण त्यानंतर पुस्तक उघडलं की तीच दिसायला लागली, आणि ती उसनी चाल जवळजवळ गेली. वाचताना आपण जे चित्र काढतो ते कच्चं असतं, अर्धं पुसलेलं असतं. पडद्यावरचा चेहरा पक्का असतो, आणि पक्क्यासमोर कच्चं टिकत नाही. शिवाय तीनशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची म्हणजे पहिली कात्री लागते ती त्या बोलण्याला. मुकुंदचा तो सलग, टवाळ स्वर अधूनमधून ऐकू येणाऱ्या निवेदनात कितीसा मावणार? अकोल्याच्या पोराने आधी सिनेमा पाहिला होता. पुस्तक वाचून तो म्हणाला, ‘ताई, हा जोश्या किती फाजील आहे! पिक्चरमध्ये तर बिचारा वाटत होता.’ त्याला चेहरा आयता मिळाला, पण फाजीलपणा उशिरा भेटला.

‘अन्हे घोडे दा दान’चं नेमकं उलट झालं. गुरदयाल सिंग जैतोचे, माळवा भागातले. लहानपणी सुतारकी केली, पुढे शिक्षक झाले, आणि १९९९चं ज्ञानपीठ त्यांना निर्मल वर्मांबरोबर विभागून मिळालं. १९७६च्या या कादंबरीत गावातल्या भूमिहीन दलितांचं जगणं आहे. माळवा म्हणजे इथून बसने काही तासांवरचा बठिंड्याचा मुलूख. पण मी सेक्टरच्या सरळ रस्त्यांवर राहणारी. तो मुलूख मला कसा दिसणार? पुस्तक आधी इंग्रजी अनुवादात चाळायला घेतलं तर माणसं एकमेकांत मिसळायला लागली. कोण जमीनदाराचा, कोण वस्तीतला, शहरात सायकलरिक्षा ओढणारा तो कोणाचा मुलगा, काही पत्ता लागेना. ठेवून दिलं.

मग सिनेमा पाहिला. त्यात बोलणं फार थोडं. बहुतेक माणसं कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली, अंगावर खेस, म्हणजे जाड सुती चादर, गुंडाळून धुक्यात उभी. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर इतका वेळ थांबतो की आपणच अवघडून नजर वळवतो. एक घर पाडलं जातं. त्यावर कोणी भाषण ठोकत नाही. पुरुष जमतात, सरपंचाकडे जातात, परत येतात. बसणं-उठणं, कोण कोणापासून किती अंतरावर उभा आहे, यावरून गावाची उतरंड कळत जाते. हे मला पानावरून कळलं नसतं, कारण पंजाबी वाचकाला जे सांगावं लागत नाही ते लेखकाने सांगितलेलंच नाही. त्यानंतर पुस्तक सरळ वाचता आलं.

नावाचा उलगडाही तसाच झाला. चंद्रग्रहणाच्या वेळी दान मागणारे जी हाळी देतात तिच्यातलं हे आंधळ्या घोड्याचं दान. ते वाचलं आणि आजीने सांगितलेलं आठवलं. ग्रहण लागलं की गावकुसाबाहेरची माणसं ‘दे दान सुटे गिराण’ म्हणत दारोदार फिरायची, आणि जुने कपडे त्यांच्या झोळीत पडायचे. तेवढ्यापुरतं ते जग परकं राहिलं नाही.

आता माझ्या हिशेबाला सुरुंग लावणारं उदाहरण. अमृता प्रीतमांची ‘पिंजर’ पंजाबचीच, पण ती मी पोरांना आधी वाचायला लावते. एक तर ती संध्याकाळभरात संपते, तर चंद्रप्रकाश द्विवेदींचा २००३चा सिनेमा तीन तासांहून मोठा. दुसरं कारण जास्त गंभीर. कादंबरी सुरू होते १९३५च्या सुमाराला. रशीद पूरोला पळवून नेतो, आणि फाळणी येईपर्यंत तिची बरीच वर्षं त्याच्या घरात जातात, मुलगा होतो. सिनेमा सुरू होतो १९४६मध्ये, आणि तिथे तिचं मूल जन्माला येतच नाही. शेवट दोन्हीकडे एकच. भावाबरोबर भारतात परतायची वाट मोकळी असूनही पूरो रशीदकडे राहते. पण कादंबरीत या निर्णयामागे अख्खा संसार उभा आहे, पोटचा मुलगा आहे. सिनेमात त्या जागी रशीदचा पश्चात्ताप आणि तिची क्षमा आहे. उर्मिला मातोंडकर आणि मनोज वाजपेयी यांनी ते इतकं छान केलंय की आधी सिनेमा पाहिला तर पुस्तकातली पूरो हिशेबी वाटू शकते. तो तिच्यावर अन्याय होईल.

आणि काही वेळा प्रश्नच गैरलागू असतो. जब्बार पटेलांचा ‘सिंहासन’ घ्या. तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून पटकथा लिहिली. त्यातला पत्रकार दिगू टिपणीस म्हटलं की निळू फुलेच समोर येतात, आधी काहीही वाचा.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या लॅबमधल्या पटियालाच्या मुलीला ‘शाळा’ बघायची होती. तिच्यासाठी कादंबरीतलं ते जग परकं, म्हणून माझ्याच नियमाने आधी सिनेमा दाखवला, सबटायटल्ससह. तिला फार आवडला. मग तिने कादंबरीचा इंग्रजी अनुवाद मिळवून वाचला, आणि चहाच्या वेळी जाहीर केलं की सिनेमाच सरस, पुस्तकात तो मुलगा उगाच आगाऊपणा करतो. अकोलेकर कप ठेवून उठला. ‘उगाच? अगं, तोच तर पॉइंट आहे!’ हे तो हिंदीत सांगायला लागला, मग अर्ध्यातच मराठीत घसरला, मग मोबाइलवर मूळ पुस्तकातलं पान शोधून तिला मोठ्याने वाचून दाखवायला लागला. तिला त्यातलं अवाक्षर कळत नव्हतं, पण ती हसत होती.