भांडणाआधीची वही

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचा टॉवर असो की डोंबिवलीतली लिफ्ट नसलेली चार मजली इमारत, कुत्र्यावरून जुंपते तेव्हा ऐकू येणारी वाक्ये तीच असतात. “तुमचा कुत्रा रोज जिन्यात घाण करतो.” “आमचा कुत्रा असं कधीच करत नाही.” खरे काय ते या ‘रोज’ आणि ‘कधीच’च्या मध्ये कुठेतरी असते, आणि ते शोधायला सोसायटीच्या दप्तरात एक ओळही सापडत नाही. मग सर्वसाधारण सभेत आवाज चढतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तट पडतात आणि प्रकरण पोलीस चौकीपर्यंत जाते. हे तंटे चिघळतात ते कायदा अपुरा म्हणून कमी, आणि वेळच्या वेळी कोणी काही लिहून ठेवले नाही म्हणून जास्त.

तत्त्वाचा प्रश्न कायद्याने बराचसा निकालात काढला आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मालकालाही मोकळे रान नाही. आपल्या प्राण्यापासून कोणाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. भटक्या कुत्र्यांना कुठे खाऊ घालावे, हेही 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी सांगितले आहे: जिन्यापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, ठरवून दिलेल्या ठिकाणी. एवढे झाल्यावर भांडायला उरतात ते साधे प्रश्न. कोणता कुत्रा, किती वाजता, पट्टा होता का, लस कधी दिली? त्यांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकात मिळत नाहीत.

चाव्याचे उदाहरण घ्या. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन माणूस कल्याणच्या रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात जातो, तिथे केसपेपर निघतो आणि लस सुरू होते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. तो धडधाकट राहिला, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेतून रेबीज गेला नव्हता, असे डॉक्टर धरतात. आता मालकाकडचे लसीकरणाचे पुस्तक उघडा. बाटलीवरून काढून चिकटवलेले छोटे लेबल, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत, शेजारी तारीख, पुढच्या डोसची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक. तळहाताएवढे हे पान “आम्ही सगळ्या लशी दिल्यात हो” या वाक्यापेक्षा शेजाऱ्याला जास्त धीर देते. त्यात दहाव्या दिवशीची पशुवैद्याची चिठ्ठी जोडली, की निम्मा राग तिथेच निवतो.

घडत असताना केलेल्या नोंदीला मान देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. मराठेशाहीत वतनाच्या तंट्याचा निवाडा झाला की महजर लिहिला जाई आणि पाटील त्यावर नांगराची निशाणी करी. आजही साक्षीदाराला घटनेच्या वेळी किंवा लगेच नंतर स्वतः लिहिलेले टिपण पाहून न्यायालयात आठवण ताजी करता येते. याउलट मोबाईलवरचा संदेश पुरावा म्हणून द्यायचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. सीसीटीव्हीचे चित्रण तर काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, त्यामुळे त्याची प्रत लगेच काढून ठेवायला हवी.

म्हणून सोसायटीने अशा घटनांची वही ठेवावी. यावर कोणी म्हणेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कसली आलीय लिखापढी, त्याने माणुसकी आटते. पण भावाभावांतही हिशेब चोख असावा असे आपण म्हणतो, ते नाते टिकावे म्हणूनच. दुसरी शंका मालकाची असते: चाव्याची नोंद स्वतःहून केली तर उद्या अंगाशी नाही का येणार? चावा तसाही लपत नाही, तो केसपेपरवर येतोच. मालकाने काही लिहिले नाही, तर कागदावर फक्त समोरच्याची बाजू राहते. कायदा शिक्षा करतो ती हयगयीला, आणि हयगय झाली नाही हे दाखवायला लस, पट्टा, उपचार यांच्या तारखाच लागतात. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अशी वही एखाद्या कुटुंबावर पाळत ठेवायचे हत्यार होऊ शकते. त्यावर उपाय दोन. नोंद घटनेचीच असावी, विशेषणाची नसावी: “चावरा कुत्रा” हे मत झाले, “मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, बी विंगच्या गेटजवळ, पट्टा नव्हता” ही नोंद झाली. आणि प्रत्येक नोंद दोन्ही बाजूंना दाखवून सही घ्यावी. पटत नसेल त्याने खाडाखोड न करता खाली आपले म्हणणे लिहावे.

यासाठी अ‍ॅप नको की वकील नको. सोसायटीच्या कार्यालयात शंभर पानी वही, मालकाच्या घरी लसीच्या पुस्तकाची आणि पालिकेच्या परवान्याची एक फाईल, बस्स. मात्र वहीचे पहिले पान भांडण नसताना लिहायला हवे. पुढच्या सर्वसाधारण सभेत कोणाच्या कुत्र्याचे नाव निघण्याआधीच हा विषय घ्या.